बोरघाट, जीप आणि सायलेन्सर

खोपोली सोडून खंडाळ्याकडे चढू लागलेल्या जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ लागते. आषाढातल्या एखाद्या पहाटे तेथे गाडी बंद करून जो मनुष्य घटकाभर नुसता ऐकत उभा राहील, त्याला दरीतून वर येणारा पाण्याचा घोष, पलीकडच्या डोंगराच्या कुशीतून विजेच्या इंजिनांनी रेटत नेलेल्या मालगाडीची घरघर आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या ट्रकांचे कण्हणे ही एकमेकांपासून वेगळी ओळखता येतील. आणि दैव अनुकूल असेल तर या सर्वांतून एखाद्या जुन्या जीपचा तो सखल, संथ, तालबद्ध ध्वनीही त्याच्या कानी पडेल, जो या मुलखात गेली पाऊणशे वर्षे ऐकू येत आहे आणि आता दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालला आहे.

माझ्यापाशी अशी एक जीप आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तिचा सायलेन्सर निकामी झाला आणि बाजारात मिळणाऱ्या नाना प्रकारांतून नवा कोणता घ्यावा, असा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. प्रश्न वरवर पाहता दुकानदारीचा आहे, परंतु त्याचे उत्तर शोधता शोधता मी या घाटाच्या पूर्वेतिहासापर्यंत जाऊन पोहोचलो. आणि तेथे मला जे सापडले त्याचे सार असे की, बोरघाटाने आपल्या अंगावर चढणाऱ्या कोणत्याही वाहनाची परीक्षा वेगावरून घेतलेली नाही, दमावरून घेतली आहे, आणि जीपचा सायलेन्सरही याच कसोटीला लावून निवडावा लागतो.

अमेरिकेत या वस्तूला मफलर म्हणतात. आपल्याकडे मफलर गळ्याला गुंडाळायचा असतो, आणि गाडीखालच्या डब्याला इंग्रजी अंमलापासून सायलेन्सर हेच नाव रूढ झाले आहे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी कल्पना मात्र एकच, की इंजिनाच्या तोंडून बाहेर पडणाऱ्या ध्वनीवर काही आवरण असावे. इंडियाना प्रांतातील कोलंबस गावच्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या बंधूंनी १८९७ साली या उपकरणाचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी, १८९८ साली, मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी अवतरल्या. म्हणजे मोटार आणि तिचे मौन ही आपल्याकडे जवळजवळ बरोबरच आली.

परंतु घाटाचे ध्वनी मोटारीहून फार जुने आहेत. कोकणातून मीठ आणि भात देशावर आणणारे बैलांचे तांडे ज्या काळी ही वाट चढत, त्या काळी पाठीवरच्या ओझ्याखेरीज दुसरे वाहन येथे चालणे शक्य नव्हते. चाकाची गाडी चढू शकेल असा रस्ता मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत झाला. कॅप्टन ह्यूज याने १८३० च्या जानेवारीत कामास हात घातला आणि त्याच वर्षी १० नोव्हेंबर रोजी रस्ता रहदारीस खुला झाला. त्या वेळी बांधलेला दगडी पूल, ज्याला पुढे जाहिरातीच्या फलकावरून लोक अमृतांजन पूल म्हणू लागले, तो १९० वर्षे उभा होता. २०२० च्या एप्रिल महिन्यात, टाळेबंदीत रस्ता ओस पडलेला असताना, तो सुरुंग लावून उतरविण्यात आला. वाट दाखविणारा म्हणून ज्याचे देऊळ घाटात उभे आहे त्या शिंगरोबा धनगराची कथा दप्तरात सापडत नाही, पण गाडीवानापासून ट्रकचालकापर्यंत सर्वांनी ती जपली आहे, आणि आजही कित्येक चालक देवळापाशी वेग कमी करून नाणे वाहिल्यावाचून पुढे जात नाहीत.

त्यानंतर आली आगगाडी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने आखलेल्या बोरघाटाच्या चढाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली पुरे झाले. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट उंची गाठायची होती आणि काही ठिकाणी ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र चढ ठेवावा लागला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येऊन अल्पावधीतच मरण पावला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने तो मक्ता पुढे चालविला व तडीस नेला, ही गोष्ट या घाटाच्या इतिहासात जितक्या आदराने सांगितली जावी तितकी सांगितली जात नाही. ज्या हजारो मजुरांच्या हातांनी ते बोगदे खोदले गेले आणि ज्यांच्यातील कित्येक पटकीने व अपघातांनी येथेच पडले, त्यांची तर नावेही उरली नाहीत.

वाफेच्या इंजिनाचा जो धापा टाकणारा आवाज पुढे दोन पिढ्या या दऱ्यांतून घुमला, त्याविषयी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे, कारण सायलेन्सरच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. त्या इंजिनात काम करून झालेली वाफ धुराड्यातून जोराने सोडून देत, आणि तिच्या त्या झोताने भट्टीतली आग ओढली जाऊन अधिक प्रखर होई. तेथे आवाज हा कार्याचाच भाग होता. इंजिन जितके ओरडे तितकी आग पेटे आणि तितके बळ वाढे. पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनाची गोष्ट अगदी निराळी आहे. त्याच्या नळीतून जो कडकडाट बाहेर पडतो तो वाया गेलेल्या दाबाचा आहे. आवाज मोठा म्हणजे ताकद मोठी, ही समजूत बहुधा आगगाडीच्या काळापासून आपल्या कानांत बसलेली असावी आणि मोटारीच्या बाबतीत तिने अनेकांना फसविले आहे, मलाही. १९२९-३० च्या सुमारास या मार्गावर विजेची इंजिने आली, १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावली, आणि त्या धापांचा घाटातून अस्त झाला. त्या आधीच, १९१५ साली, खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले होते. लोणावळ्याच्या परिसरात साठविलेले पावसाचे पाणी नळांतून खाली उतरून वीज देऊ लागले होते.

जीप या मुलखात आली ती दुसऱ्या महायुद्धाबरोबर. विलीज कंपनीचा अभियंता बार्नी रूस याने सिद्ध केलेले तिचे चार सिलिंडरांचे इंजिन १३४ घन इंचांचे, म्हणजे सुमारे २.२ लिटरचे होते, आणि त्याची शक्ती अवघी ६० अश्वशक्ती. परंतु त्या इंजिनाची खरी थोरवी त्या आकड्यात नाही. त्याची ओढण्याची कमाल ताकद मिनिटाला केवळ २,००० फेऱ्यांवरच मिळत असे, यात आहे. सावकाश फिरूनही जोर न सोडणारे असे ते यंत्र होते. लोणावळ्याला १९४५ साली नौदलाची ‘शिवाजी’ ही तांत्रिक प्रशिक्षण संस्था सुरू झाली, देहूरोड आणि खडकी येथे तर लष्कराचे मोठमोठे डेपो होते. युद्ध संपल्यावर जादा ठरलेल्या गाड्या ‘डिस्पोजल’मध्ये निघाल्या, आणि मावळातील बागाईतदार, ठेकेदार, डॉक्टर अशा ज्यांना ज्यांना चिखलातून जाणे भाग होते त्यांच्या दारी जीप उभी राहू लागली. लष्करी लिलावातून कंडम गाडी उचलायची, पुण्याच्या नाना पेठेतून आणि मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून तिचे सुटे भाग जमवायचे आणि गावच्या मिस्त्रीकडून ती उभी करून घ्यायची, हा शिरस्ता तेव्हापासूनचा.

१९४५ साली लुधियाना येथे मलिक गुलाम मोहम्मद यांच्या भागीदारीत जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र या बंधूंनी पोलादाच्या व्यापारासाठी जी पेढी काढली होती, तिने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी आरंभिली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली पेढीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा असे बदलले. पुढे ‘हाय बॉनेट’ म्हणून ओळखली जाणारी सीजे-३बी आली. तिचे तोंड उंच का, तर तिच्या नव्या इंजिनात आत हवा घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर बसविल्यामुळे इंजिनाची उंची वाढली होती. धूर सोडणारे व्हॉल्व्ह मात्र पूर्वीसारखे बगलेतच राहिले. अमेरिकेत ती १९६८ साली बंद झाली, आपल्याकडे तिची परंपरा त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिली. मग डिझेलचे दिवस आले; प्यूजोच्या २,११२ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची एमएम-५४० आली, आणि कमांडर व मार्शल या लांब गाड्या खेड्यापाड्यांत वडाप म्हणून धावू लागल्या. माझी जीप हाय बॉनेटची, पेट्रोलची आहे.

तिचा जुना सायलेन्सर काढला तो दिवस मला नीट आठवतो. लोणावळ्यातील एका वृद्ध मिस्त्रींच्या शेडमध्ये गाडी खड्ड्यावर घेतली होती, बाहेर पावसाची शेवटची सर चालू होती, आणि क्लॅम्पचे बोल्ट इतके गंजले होते की पाना लावताच ते सुटण्याऐवजी तुटले. खाली उतरलेला डबा बाहेरून धड दिसत होता. मी तसे म्हणताच मिस्त्रींनी काही न बोलता तो हाताने एका बाजूस कलता केला, आणि आतून काळसर तांबूस पाणी फरशीवर सांडले. मग त्यांनी हॅकसॉने तो मधोमध कापला. आतली जाळीदार भोकांची नळी जागोजाग खाल्लेली होती, कप्पे वेगळे करणारा एक पडदा पत्र्यापासून सुटून पडला होता, आणि तळाशी गंजाचे पापुद्रे व काजळी यांचा ओला लगदा साचला होता. “साहेब,” ते म्हणाले, “हा पावसानं नाही सडला. तुमच्या बाजारापर्यंतच्या फेऱ्यांनी सडला.”

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातील हायड्रोजनापासून जवळजवळ एक लिटर पाणी निर्माण होते. गाडी दूरवर चालली तर तापलेल्या सायलेन्सरमधून ते वाफ होऊन निघून जाते. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या झाल्या तर डबा तापतच नाही, वाफ आतच थिजते आणि धुरातील आम्लांसह पत्रा खात बसते. त्यात खंडाळा-लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक. हवेतला ओलावा बाहेरच्या अंगालाही स्वस्थता देत नाही. म्हणून या भागात सायलेन्सर घेताना पहिला विचार धातूचा करावा. साध्या पत्र्याचा डबा स्वस्त पडतो, पण येथे फार पावसाळे पाहत नाही. ॲल्युमिनियमचा लेप दिलेला पत्रा बरा. आणि ऐपत असेल तर स्टेनलेस स्टीलचा सर्वांत उत्तम. कोणताही असो, त्याच्या सर्वांत सखल जागी पाणी झिरपून जाण्यासाठी बारीक छिद्र असावे. जुन्या मिस्त्रींचा हा नियम नव्या दुकानांतून विसरला जात आहे.

दुसरा विचार नळीच्या व्यासाचा, आणि येथेच मी चूक केली. त्या शेडमधून निघून मी शहरातील एका दुकानात गेलो. तेथील तरुणाने मला सांगितले की, धूर जितका मोकळा जाईल तितकी गाडी जोरात पळेल, आणि त्याने अडीच इंची नळी व काचेच्या लोकरीने भरलेला एक सरळ डबा बसवून दिला. आवाज भारदस्त झाला. परंतु खोपोलीहून वर येताना जेथे माझी जीप दुसऱ्या गिअरमध्ये निमूट चढत असे, तेथे ती दम सोडू लागली आणि मला पहिला गिअर टाकावा लागला. लोक म्हणतात की इंजिनाला मागून थोडा अवरोध लागतोच. हे विधान तसेच्या तसे खरे नाही. अवरोधाचा इंजिनाला काहीच उपयोग नसतो, आणि तुंबलेल्या सायलेन्सरने तर धूर सोडणारे व्हॉल्व्ह तापून जळतात. इंजिनाला हवी असते ती धुराची गती. योग्य व्यासाच्या नळीतून धुराचा एक झोत वेगाने निघाला की तो आपल्यामागे पुढच्या झोताला ओढ देतो आणि सिलिंडर स्वच्छ रिकामा होतो. नळी फाजील रुंद असली की धूर मंदावतो, निवतो, आणि ती ओढ नाहीशी होते, तीही नेमकी सावकाश फिरण्याच्या वेळी, जेव्हा घाटात तिची गरज सर्वाधिक असते. ६०-७० अश्वशक्तीच्या या जुन्या इंजिनाला सुमारे दीड ते पावणेदोन इंचांची नळी पुरते, दोन इंच म्हणजे परमावधी. जबलपूरच्या कारखान्यातून निघालेली जोंगा, जिचे इंजिन सहा सिलिंडरांचे आणि जवळपास चार लिटरचे आहे, तिला मोठी नळी शोभेल; तिचे माप जीपला लावणे म्हणजे पाटाचे पाणी नदीच्या पात्रात सोडणे होय.

काचेच्या लोकरीविषयीही मला बरेच शिकावे लागले. आवाज दोन मार्गांनी शमविता येतो. एका मार्गात लोकरीसारख्या पदार्थात ध्वनीची लहर शोषून घेतात; दुसऱ्यात डब्याचे लहानमोठे कप्पे पाडून लहर त्यांच्या भिंतींवर आपटवून उलट फिरवितात, जेणेकरून येणारी आणि परतणारी लहर एकमेकींना मारतात. पहिला मार्ग बारीक, कर्कश स्वर चांगले गिळतो, पण खर्जाच्या स्वराला फारसा बधत नाही. आता चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांनी फिरत असता सेकंदाला सुमारे ६७ झोत बाहेर टाकते, आणि हा शुद्ध खर्ज आहे. तात्पर्य, जीप ज्या गतीने घाट चढते त्याच गतीला लोकरीचा डबा निष्प्रभ ठरतो आणि एक अखंड गुंजन डोक्यात घुमत राहते. कप्प्यांचा जुना सायलेन्सर दिसायला साधा, पण नेमका या स्वरावर उतारा म्हणून घडविलेला. शिवाय ओढ्यातून गाडी घातली की लोकर भिजते आणि कालांतराने तिचे गोळे होऊन उडून जातात.

उताराची परीक्षा आणखी वेगळी. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हा जुन्या चालकांचा दंडक आहे. ॲक्सिलरेटर सोडून इंजिनाच्या बळावर गाडी आवरली जात असता नळीचे सांधे कोठे सैल असले तर आत हवा शिरून सायलेन्सर फटके मारू लागतो. हे फटके ऐकून पुष्कळ तरुणांना आनंद होतो. वास्तविक तो गळतीचा पुकारा असतो, आणि गळती गाडीच्या पोटाखाली असली तर कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू बसणाऱ्यांपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून शेपटीची नळी टपाच्या कडेबाहेर निघालेली असावी, सांध्यांना नवे गॅस्केट असावे आणि डबा रबरी टांगणीवर, चासीच्या दांड्यांच्या वर चढवून बांधलेला असावा, कारण मावळातील वाटांवरचा काळा खडक कोणाची भीड धरत नाही.

ही सारी कसोटी ज्या एका वाटेवर एकवटते ती लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीला जाणारी. श्रीवर्धन आणि मनरंजन या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याशी वसलेल्या उधेवाडीपर्यंतची ही वाट जीपवाल्यांत विख्यात आहे. ओढे, घसरणीचे चढ, दगड आणि दाट रान. ओढ्यात नळीचे तोंड बुडाले तर पाय न उचलता इंजिनाची गती सारखी राखायची आणि पलीकडचा काठ गाठायचा. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरसह मी या वाटेने एकदा गेलो. वैशाख संपत आला होता, पहिल्या वळवाने रान ओले झाले होते आणि झाडांवर काजवे पेटले होते. उधेवाडीच्या अलीकडे एका अंगणात निजलेले मूल माझ्या गाडीच्या आवाजाने दचकून उठले. त्याच्या आजीने मला काही म्हटले नाही, नुसते मुलाला थोपटीत माझ्याकडे पाहिले. मी इंजिन बंद केले तेव्हा लक्षात आले की रान किती शांत होते आणि ती शांतता मी किती दुरून मोडीत आलो होतो.

कायद्याचा आदेश या बाबतीत सुस्पष्ट आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० व्या नियमाप्रमाणे प्रत्येक वाहनाला धुराचा आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ध्वनी व हवा यांविषयीच्या मानकांचा भंग करणाऱ्यास पहिल्याच खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. शिवाय तीन महिने परवानाही अपात्र ठरतो. एमएच-१४ क्रमांकाच्या आमच्या जुन्या गाड्यांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी निरीक्षकापुढे उभे राहावे लागते, तेव्हा हा विचार आधीच केलेला बरा. परंतु मी तो डबा उतरविला तो दंडाच्या भयाने नव्हे.

मी पुन्हा लोणावळ्याच्या त्याच शेडमध्ये गेलो. मिस्त्रींनी कापून ठेवलेला जुना डबा टाकून दिला नव्हता. त्याच्या नळीचा व्यास, कप्प्यांची लांबी आणि पडद्यांवरील भोके त्यांनी कॅलिपरने मोजून वहीत टिपली, आणि पुण्याहून आणलेल्या स्टेनलेसच्या पत्र्याचा तसाच नवा डबा आठवड्याभरात वळवून, जोडून दिला. त्याच वेळी त्यांनी मला जी रीत सांगितली तीच वाचकांना सांगतो: नवा सायलेन्सर बसविला की पैसे चुकते करण्यापूर्वी दुसऱ्या कोणाला इंजिन चालू ठेवावयास सांगा, स्वतः पन्नास पावले दूर जाऊन पाठ करून उभे राहा, आणि तेथे कोणाच्या घरचे मूल निजले आहे असे समजून ऐका.